माथेरान

माथेरान : रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील थंड हवेचे ठिकाण व गिरिस्थान नगरपरिषदेचे गाव. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ८०० मी. मुंबईपासून सुमारे ९० किमी. व पुण्यापासून सुमारे १२० किमी. अंतरावर. लोकसंख्या सुमारे ४,४०० (२०११). भारतातील सर्वांत लहान गिरिस्थान म्हणून ते ओळखले जाते. पायथ्याला मध्य रेल्वेचे नेरळ स्थानक, माथ्यावर दाट जंगल, पश्चिम अंगाला शार्लोट तलाव आणि चहूबाजूंना कड्यांवरचे पॉइंट अशी त्याची रचना आहे. गावात मोटार येत नाही. प्रवासाची तयारी, मुक्कामाची जागा, सामानाचे वजन आणि दिवसाचा क्रम हे सारे या एका नियमाने ठरते. तो आधीच समजून घेतलेल्या माणसालाच माथेरान सुखाचे होते.

स्थान व भूरचना : माथेरानचा डोंगर सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटा उभा आहे. मधल्या खोऱ्यातून उल्हास नदी वाहते व पूर्वेला भीमाशंकरपासून राजमाचीपर्यंतची मुख्य रांग दिसते. उत्तरेला माथेरानच्याच डोंगररांगेत पेब ऊर्फ विकटगड, चंदेरी आणि मलंगगड, पश्चिमेला प्रबळगड, दक्षिणेला इर्शाळगड. माथा बराचसा सपाट असून खाली काळा बसाल्ट व वर जांभा आहे. रस्त्यांचा, धुळीचा आणि पावसाळी ओढ्यांचा लाल रंग या जांभ्याचा. पांढरे कपडे व पांढरे बूट पहिल्या दिवशीच लाल होतात, हे सामान भरतानाच लक्षात घ्यावे.

जांभूळ, हिरडा, अंजनी, आंबा यांच्या गर्द सावलीमुळे भर उन्हाळ्यातही दुपारी चालता येते. एप्रिल-मे महिन्यांत अंजनीच्या निळ्या-जांभळ्या फुलोऱ्याने आणि जांभळांनी वाटा भरतात. शेकरू, भेकर, वानर व माकडे जंगलात आहेत. पहाटे शीळकरी कस्तूराची लांबलचक शीळ बहुतेक हॉटेलांच्या अंगणातूनच ऐकू येते.

इतिहास : डोंगरावर व त्याच्या उतारांवर ठाकूर, कातकरी व धनगर यांचा वावर पूर्वापार होता. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट पायथ्याच्या चौक गावी मुक्कामाला असताना डोंगर चढून आले व रामबागेच्या वाटेने उतरले. पुढे त्यांनी येथे घर बांधले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी १८५० नंतरच्या दशकात वसाहतीच्या विकासाला चालना दिली. मुंबईच्या उकाड्यातून सुटका शोधणारे इंग्रज अधिकारी, पारशी व बोहरी व्यापारी यांनी बंगले बांधले. पॉइंटांची इंग्रजी नावे त्या काळातली आहेत.

रुळांची वाट मात्र एका मुंबईकर कुटुंबाने घातली. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने व त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली नेरळ-माथेरान रेल्वे उभी राहिली आणि १९०७ मध्ये सुरू झाली. खर्च सुमारे सोळा लाख रुपये. दोन फूट रुंदीचा हा मार्ग सुमारे २१ किमी. लांब असून नेरळच्या ४० मीटरांवरून माथेरानच्या ८०० मीटरांपर्यंत चढतो. बोगदे फोडण्यापेक्षा डोंगराला वळसे घालण्याचे तंत्र वापरल्याने वाटेत घोड्याच्या नालेसारखी वळणे आहेत. भारतीय पर्वतीय रेल्वेंच्या मालिकेत तिचा समावेश व्हावा म्हणून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत तिचे नाव आहे.

हुतात्मा विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल (१९१२–१९४३) यांचे हे जन्मगाव. नाभिक कुटुंबात जन्मलेले कोतवाल वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले आणि परिसरातील गरीब शेतकरी व आदिवासी यांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी त्यांनी धान्यकोठ्या चालवल्या. १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता या त्यांच्या गटाने मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या मनोऱ्यांवर घाव घातले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांशी झालेल्या चकमकीत ते व हिराजी पाटील हुतात्मा झाले. माथेरानला केवळ बंगल्यांचे गाव समजणाऱ्याने हे नाव जाणून घ्यावे.

पर्यावरण व वाहनबंदी : केंद्र सरकारने फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान व भोवतालचा सुमारे २१५ चौ. किमी. परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. वाहनबंदी त्याआधीपासूनची आहे. या अधिसूचनेने तिला आणखी बळ मिळाले. नेरळहून येणारा घाटरस्ता दस्तुरी नाक्यापाशी संपतो. तेथून पुढे ई-रिक्षांखेरीज रुग्णवाहिका व अग्निशमनाची गाडी यांसारखी अत्यावश्यक वाहनेच जातात. भाजीपाला, गॅसच्या टाक्या, बांधकामाचे सामान घोड्यांवरून व हातगाड्यांवरून गावात पोहोचते. म्हणून येथे वस्तूंचे भाव नेरळपेक्षा चढे असतात आणि ते चढे असण्याचे कारण माणसांच्या व जनावरांच्या श्रमात आहे.

आल्प्समधील झर्माट या स्वित्झर्लंडच्या गावानेही असाच नियम पाळला आहे. प्रवासी आपली गाडी खालच्या टेश गावात ठेवतात, रेल्वेने वर येतात व गावात विजेवरची छोटी वाहने चालतात. माथेरानने घोडा, हातरिक्षा व पायी चालणे यांवर शतकाहून अधिक काळ काढला. डिसेंबर २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने येथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. माणसाने माणसाला ओढत नेणारी हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करावी व रिक्षाचालकांना ई-रिक्षांचा रोजगार द्यावा, असा आदेश न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. हातरिक्षावाल्यांनी उतारवयापर्यंत छाती फुटेस्तोवर हे काम केले. त्यांना मिळणारी ही सुटका या गावाच्या इतिहासातील मोठी घटना आहे.

येण्याचे मार्ग : (१) लोकलने. मुंबईहून कर्जत व खोपोलीकडे जाणाऱ्या लोकल नेरळला थांबतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून नेरळपर्यंत साधारण दोन तास लागतात. पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल धरावी. भिवपुरी रोडनंतर नेरळ येते. कर्जतला घाटासाठी इंजिने जोडण्याकरिता गाड्या थांबत आल्या आणि त्या थांब्यावरच कर्जतचा वडा प्रसिद्ध झाला.

(२) मिनी ट्रेनने. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान अशी स्थानके आहेत. चढाला अडीच तासांहून जास्त वेळ लागतो. घाई असलेल्याने ही गाडी धरू नये. डोंगर टप्प्याटप्प्याने पाहायचा असेल त्याने मात्र तिलाच पहिली पसंती द्यावी. फेऱ्या व जागा मोजक्या असल्याने सुट्टीच्या दिवशी नेरळच्या खिडकीवर वेळेच्या बरेच आधी उभे राहावे. पावसाळ्यात, साधारण १५ जून ते १५ ऑक्टोबर, नेरळ-अमन लॉज टप्पा बंद असतो. अमन लॉज-माथेरान ही शटल मात्र सहसा सुरू राहते. २००५ च्या अतिवृष्टीने मार्ग वाहून गेला व तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसानंतर संपूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२२ मध्ये खुला झाला. तेव्हा निघण्यापूर्वी त्या दिवसाचे वेळापत्रक तपासणे आवश्यक.

(३) टॅक्सीने. नेरळ स्थानकाबाहेर माणशी भाड्याच्या टॅक्सी मिळतात. सात-आठ किमी.चा घाट चढून त्या अर्ध्या तासाच्या आत दस्तुरीला सोडतात. कर्जतहून एसटीची मिनी बसही दस्तुरीपर्यंत येते.

(४) स्वतःच्या गाडीने. मुंबईकडून पनवेल, चौक, कर्जत, नेरळ असा किंवा कल्याण-बदलापूरकडून नेरळला येणारा रस्ता घ्यावा. पुण्याकडून द्रुतगती मार्गाने खालापूर-खोपोलीच्या बाजूला उतरून कर्जतमार्गे यावे. नेरळचा घाट अरुंद व तीव्र चढाचा आहे. चढताना व उतरताना खालचा गिअर ठेवावा, वळणावर चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी. वाहनतळ दस्तुरीला आहे. शनिवारी व लागून आलेल्या सुट्ट्यांना तो सकाळीच भरतो आणि मग घाटात रांगा लागतात.

दस्तुरी ते गाव : नाक्यावर नगरपरिषदेचा प्रवासी कर भरून पावती घ्यावी. येथून बाजारपेठ अडीच-तीन किमी. आहे. पर्याय चार : नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकातून शटल, ई-रिक्षा, घोडा किंवा पायी. शटल पंधरा-वीस मिनिटांत माथेरान स्थानकात, म्हणजे थेट बाजारात नेऊन सोडते. पायी जाण्यासाठी रस्ता जवळजवळ सपाट व सावलीचा आहे; हलके सामान असेल तर पाऊण तासात निवांत पोहोचता येते. सामानासाठी हमाल मिळतात.

नाक्यावर पर्यटकांची दिशाभूल होते, शटल नाही असे सांगून त्यांना महागड्या पर्यायाकडे वळवले जाते, या तक्रारीवरून मार्च २०२५ मध्ये गावकऱ्यांनी बंद पुकारला होता. येणाऱ्याने कोणाच्याही सांगण्यावर विसंबण्यापूर्वी दहा पावले पुढे जाऊन अमन लॉजच्या तिकीट खिडकीवर स्वतः विचारावे. घोड्याचे व हमालाचे दर फलकावर पाहावेत आणि फेरी सुरू होण्याआधी रक्कम, वेळ व पॉइंटांची नावे स्पष्ट ठरवावीत. असे केले की अश्वपालाशी वाद उरत नाही, आणि मग तोच सर्वांत जाणता वाटाड्या ठरतो.

शार्लोट तलाव : बाजारापासून सुमारे दोन किमी. पश्चिमेला, झाडीत दडलेला हा बांधीव तलाव माथेरानच्या पिण्याच्या पाण्याचा जुना आधार. गावाची गरज वाढल्यावर नेरळजवळ उल्हास नदीचे पाणी टप्प्याटप्प्याने पंपाने वर चढवण्याची योजना आली. तरीही तलावाचे पाणी आजही मोलाचे आहे. त्यात पोहणे, कपडे धुणे, साबण वापरणे निषिद्ध आहे. पावसाळ्यात बांधावरून पाणी ओसंडते तेव्हा दगड निसरडे असतात. त्यावर उभे राहून छायाचित्रे काढू नयेत. येथे बुडून माणसे दगावलेली आहेत.

काठावर पिसरनाथाचे देऊळ आहे. हे माथेरानचे ग्रामदैवत असून स्वयंभू शिवलिंग शेंदूरचर्चित आहे. महाशिवरात्रीला पायथ्याच्या वाड्यांमधूनही भाविक येतात. देऊळ, तलाव आणि जवळचे लॉर्ड, इको व लुईझा हे पॉइंट एका सकाळीत सावकाश पाहून होतात. गावात एकच फेरी मारायला वेळ असेल तर ती हीच मारावी.

पॉइंट : लहानमोठे मिळून तीन डझनांवर पॉइंट सांगितले जातात. एका मुक्कामात सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये. दिशेप्रमाणे गट करावेत.

उत्तरेचा पॅनोरमा पॉइंट सूर्योदयासाठी. बाजारापासून लांब असल्याने अंधार असतानाच निघावे लागते, विजेरी जवळ असावी. येथून नेरळ, उल्हासचे खोरे व पेबचा डोंगर दिसतो. वायव्येला हार्ट, मंकी व मलंग हे पॉइंट आहेत. पश्चिमेचा पॉर्क्युपाइन ऊर्फ सनसेट पॉइंट सूर्यास्तासाठी. समोर प्रबळगड व कलावंतिणीचा सुळका. परतीला अंधार पडतो व जंगलातील वाटा फुटतात, म्हणून मुख्य वाट सोडू नये. दक्षिणेला वन ट्री हिल व चौक पॉइंट. खाली खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचा जलाशय पसरलेला असतो. नवी मुंबईला तेथूनच पाणी जाते. पूर्वेला अलेक्झांडर, रामबाग, लिटल चौक व लांबवर पसरलेला गार्बट. पावसाळ्यानंतर गार्बटच्या पठारावर गवत व रानफुले भरपूर असतात.

काही कड्यांना कठडे नाहीत. जांभ्याची कडा वरून घट्ट दिसली तरी खालून पोकळ असू शकते. लहान मुलांचा हात सोडू नये व कठड्याबाहेर कोणीच जाऊ नये.

चढण्याच्या वाटा : पायथ्याच्या वाड्यांतील लोक ज्या वाटांनी दूध, भाजी, रानमेवा घेऊन वर येतात त्याच गिर्यारोहकांच्या वाटा आहेत. चौक-मोरबेच्या बाजूने वन ट्री हिलकडे येणारी व शिवाजी शिडी म्हणून ओळखली जाणारी वाट उभी आहे. बोरगावकडून रामबागेची, भिवपुरी रोडकडून सागाच्या वाडीमार्गे गार्बटची, तर पनवेल बाजूच्या धोदाणीतून सनसेट पॉइंटकडे येणारी वाट प्रचलित आहे. रुळांलगत कड्यावरचा गणपती व तेथून पेबकडे जाण्याची वाट लागते. पहिल्यांदा येणाऱ्याने वाडीतला वाटाड्या घ्यावा व त्याला योग्य मोबदला द्यावा. मुसळधार पावसात या वाटा टाळाव्यात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. या भागातला डोंगर पावसात किती भिजतो आणि सुटतो, याची ती शोकांतिका साक्ष आहे.

ऋतू : ऑक्टोबर ते मे हा मुख्य हंगाम. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात गर्दी कमाल असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हवा स्वच्छ, दूरचे डोंगर स्पष्ट आणि रात्री गारठा; शाल किंवा स्वेटर पुरतो. उन्हाळ्यात दुपार तापते, पण सावलीत व संध्याकाळी कोकणपट्टीचा घामटपणा जाणवत नाही. पाऊस प्रचंड, वर्षाला पाच हजार मिमी.च्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यामुळे पॉइंटांवरून काही दिसत नाही, परंतु रान पाहायचे असेल तर हाच काळ. छत्रीपेक्षा रेनकोट व घट्ट पकडीचे बूट कामाचे. शक्य असेल त्याने सोमवार ते गुरुवार यावे. तलाव, जंगल आणि गावकरी या तिघांनाही ते सोयीचे.

निवास, भोजन, बाजार : राज्य पर्यटन महामंडळाचे निवासस्थान दस्तुरीजवळ आहे, सामान जास्त किंवा सोबत वृद्ध माणसे असल्यास ते उपयोगी, मात्र बाजार तेथून दूर पडतो. गावात जुन्या बंगल्यांतील हॉटेले, मध्यम दराच्या लॉज व घरगुती खोल्या मिळतात. खोली ठरवताना ती स्थानकापासून किती दूर आहे, जेवण धरलेले आहे का आणि गरम पाण्याची वेळ काय, हे तीन प्रश्न विचारावेत. पाणी पायथ्यापासून चढवलेले असते; ते जपून वापरावे.

महात्मा गांधी रस्ता ही मुख्य बाजारपेठ. चिक्की, मध, चामड्याच्या चपला व पट्टे, वेताच्या वस्तू येथे घ्याव्यात. मराठी, गुजराती व मोगलाई जेवण मिळते. वाडीतल्या बाया हंगामात करवंदे, जांभळे, आळू विकायला बसतात. त्यांच्याशी घासाघीस करू नये. एटीएम मोजकी असल्याने रोख रक्कम जवळ ठेवावी. टपाल कार्यालय, पोलीस ठाणे व नगरपरिषदेचे बी. जे. रुग्णालय गावात आहे. गंभीर आजारासाठी खाली यावे लागते, म्हणून नेहमीची औषधे पुरेशी आणावीत. हृदयविकार किंवा गुडघेदुखी असलेल्यांनी शटल व ई-रिक्षाच्या वेळा पाहूनच बेत आखावा. माकडांना खायला घालू नये. हातात उघडी पिशवी घेऊन चालू नये.

जोडून पाहण्याजोगे : कर्जत तालुक्यात कोंदिवडे गावाजवळ, राजमाचीच्या पायथ्याला कोंढाणे लेणी आहेत. चैत्य व विहार असलेली ही प्राचीन बौद्ध लेणी कर्जतहून अर्ध्या दिवसात पाहता येतात. पेठचा किल्ला ऊर्फ कोथळीगड व त्याच्या वाटेवरची आंबिवली लेणी यांसाठी पूर्ण दिवस ठेवावा. भीमाशंकरला चढणाऱ्या जुन्या वाटा खांडसहून सुटतात. १९२२ पासून चालणाऱ्या भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्राचे पाणी पेज नदीत उतरते, त्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहती राहते. त्या पाण्यावर कर्जत भागात उन्हाळी भातही होतो. येथील भात संशोधन केंद्राच्या ‘कर्जत’ नावाच्या वाणांची कोकणात लागवड आहे.

खालापूर तालुक्यात महड येथील वरदविनायक हे अष्टविनायकांपैकी एक स्थान. देऊळ १७२५ मध्ये रामजी महादेव बिवलकर यांनी बांधल्याचे सांगतात व त्याच्या शेजारी तळे आहे. खोपोलीला १९१५ मध्ये सुरू झालेले टाटांचे जलविद्युत केंद्र व गगनगिरी महाराजांचा मठ आहे. चौक हे सरनौबत नेताजी पालकर यांचे गाव म्हणून प्रसिद्ध. माथेरानहून उतरताना नेरळ-कर्जत-चौक-महड असा मार्ग धरल्यास परतीच्या दिवसात हे सहज होते.

प्रवाशाची जबाबदारी : मुंबई महानगराच्या दाराशी, काही तासांच्या अंतरावर, मोटारींचा आवाज नसलेले गाव टिकून राहिले, ते येथल्या रहिवाशांनी रोजची गैरसोय सोसल्यामुळे. दवाखान्याला, शाळेला, दळणाला चालत जाणे ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. ई-रिक्षांमुळे वृद्धांचे व शाळकरी मुलांचे हाल कमी होत असतील तर ते स्वागतार्हच. त्यांतील जागा मोजक्या आहेत. धडधाकट पाहुण्याने त्या गरजूंसाठी सोडून चालत जावे. प्लॅस्टिकच्या बाटल्या व वेष्टने आपल्या पिशवीत परत न्यावीत, कारण गावातला प्रत्येक किलो कचरा कोणाला तरी वाहून न्यावा लागतो. ध्वनिवर्धक आणू नये. फुले, रोपे तोडू नयेत. दोन रात्री राहावे, रोज दहा-बारा किमी. चालावे आणि खर्च शक्यतो अश्वपाल, हमाल, वाटाडे व वाडीतल्या विक्रेत्यांकडे करावा. माथेरान पाहण्याची हीच रीत प्रवाशाच्या, गावाच्या आणि जंगलाच्याही हिताची आहे.